अकरावी ओळ

अकराव्या ओळीवर पोरगा थांबला. नाशिकच्या गोदाघाटावर, गांधी तलावाच्या अलीकडच्या पायऱ्यांवर सात-आठ जणांचं कोंडाळं बसलं होतं. मधे एक ब्लूटूथ स्पीकर, त्याच्यावर बीट, म्हणजे शब्दांमागचं तयार संगीत, लावलेली, आणि एकामागून एक जण उठून रॅपचे आपापले सोळा बार, म्हणजे सोळा ओळी, टाकत होता. रामकुंडाकडची आरती नुकतीच आटपली होती. हवेत कापूर होता, ओल्या दगडाचा वास होता आणि कुठूनतरी भाजलेल्या कणसाचाही. हा तिसरा की चौथा उभा राहिलेला. वीस-एकवीस वर्षांचा, पायात कंपनीचे बूट तसेच, तयारी करून आलाय हे चेहऱ्यावर दिसत होतं. पहिल्या चार ओळी झकास गेल्या. सातवी-आठवी जरा पळाली. दहावीला आवाज पातळ झाला आणि अकरावीचा पहिला शब्द अर्धा बाहेर येऊन तिथंच अडकला. पाण्याच्या रिकाम्या जारवर ठेका धरून बसलेला त्याचा दोस्त मात्र थांबला नाही. चार ठोके गेले, आठ गेले. कुणीतरी म्हणालं, "विसरला भो." मग सगळ्यांनी टाळ्या पिटून त्याची सुटका केली.

तो विसरला नव्हता.

ओठ हलत होते त्याचे. पुढचे शब्द तोंडात अगदी रांगेत उभे होते, त्यांना बाहेर ढकलायला हवा तेवढी उरली नव्हती. खाली बसल्यावर त्याने वही उघडली आणि अकरावी ओळ पुन्हा पुन्हा वाचली, जणू चूक तिथंच आहे. चूक पहिल्या ओळीत होती, दुसरीत होती, तिसरीतही होती. ही गोष्ट तेव्हा त्याला कुणी सांगितली नाही आणि ती तशीच मनात अडकून राहिली. एवढं सगळं लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर हातवारे बसवले, आणि श्वास कुठं घ्यायचा हे मात्र लिहायचं राहून गेलं.

हिशेब साधा आहे. बीट नव्वदची, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. चार ठोक्यांचा एक बार, तो २.६७ सेकंदांचा. सोळा बार म्हणजे पाऊण मिनिटालाही थोडं कमी, ४२.७ सेकंद. प्रत्येक बारची सोळा घरं पाडली तर एक घर सेकंदाच्या सहाव्या हिश्शाएवढं होतं. तोंडाने झटकन ओढलेल्या श्वासाला अशी निदान दोन घरं लागतात. या पोराने प्रत्येक बारमध्ये पंधरा-सोळा अक्षरं कोंबली होती. दहा बार होईतो २६-२७ सेकंद गेले, त्यात मिळाले ते नुसते घुटके, पोटभर श्वास एकही नाही. बोलताना आपण इतका वेळ कधीच सलग बोलत नाही. भांडतानासुद्धा नाही. भांडणात समोरचा निदान मधे तोंड घालतो, तेवढ्यात आपल्याला दम खाता येतो.

जाणते लोक यासाठी चौकटीची वही वापरतात. तीच, दुसरी-तिसरीत गणिताला असते ती. एका आडव्या रांगेत सोळा चौकटी मोजून उभी रेघ मारायची. पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी चौकट पेन्सिलने हलकी काळी करायची, ते चार ठोके. पाचवीवर आणि तेरावीवर स्नेअर पडतो, म्हणजे टाळी. मग ओळ तोंडाने म्हणत एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवायचं, आणि ज्या अक्षरावर जोर हवा ते काळ्या चौकटीत येतंय का बघायचं. दर दुसऱ्या बारच्या शेवटी दोन चौकटी रिकाम्या ठेवायच्या, त्यात एक ठिपका काढायचा. ठिपका म्हणजे श्वास. नवशिक्याला रिकाम्या चौकटी पाहवत नाहीत. मोकळा प्लॉट दिसल्यासारखं होतं त्याला, लगेच काहीतरी बांधावंसं वाटतं.

पण अक्षर म्हणजे कुठलं अक्षर? इथं मराठी पोरांची पहिली फसगत होते. शाळेत आपण अक्षरं डोळ्यांनी मोजायला शिकलो. 'करतो' तीन अक्षरी, 'विटकी' तीन अक्षरी. तोंड मात्र 'कर्तो' म्हणतं, 'विट्की' म्हणतं, दोनच ठोके. कागदावर भरलेली ओळ माइकसमोर एक घर कमी पडते, मग ते घर भरायला पोरं स्वर ताणतात किंवा 'ना', 'रे', 'यार' ठोकून देतात. शब्दाच्या मधल्या आणि शेवटच्या अकाराचा असा लोप आपण दिवसभर करत असतो, आपल्या लक्षातही येत नाही. उलट जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर जड होतं. 'रस्त्यावर' मधला 'रस्' पटकन सरकत नाही, त्याला जरा जास्त जागा द्यावी लागते. लघु-गुरूचा धडा आठवीत ज्याने कंटाळत घोकला, त्याला तो इथं व्याजासकट परत मिळतो.

दुसरी फसगत क्रियापदाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक आयतं हातात येतं. जातो, येतो, खातो, पाहतो. झाला, गेला, आला, मेला. नव्या पोराच्या पहिल्या दहा गाण्यांची वही चाळली तर निम्म्या ओळी 'तो'वर आणि उरलेल्या 'ला'वर संपलेल्या दिसतात. तेही संपले की मग 'आहे' आहेच. जुळतं सगळं, पण ऐकणाऱ्याला पुढचं यमक आधीच कळतं, आणि कळलं की कान बंद होतो. सुटायची वाट एकच, क्रियापद उचलून मधे टाकायचं किंवा गाळून टाकायचं, आणि ओळीच्या शेवटी नाव आणायचं, म्हणजे वस्तू, माणूस किंवा जागा.

घाटावरच्या त्या पोराची वही पुढे एकदा पाहायला मिळाली. आईवर लिहिलेल्या ओळी होत्या. आई अंबडला एका कंपनीत पॅकिंगला जाते, फर्स्ट शिफ्ट. आधी त्याने लिहिलं होतं, 'आई माझी पहाटे उठते, डबा भरून कामाला जाते.' उठते, जाते. खोटं काहीच नाही, पण असं तर कुणाच्याही आईबद्दल लिहिता येईल. त्यावर काट मारून खाली लिहिलं होतं, 'विटकी साडी, सहाची गाडी.' क्रियापद गेलं, चित्र आलं. चौकटीत बसवायला गेला तर 'सहाची गाडी'ला पाच घरं आणि 'विट्की साडी'ला चारच. एक घर रिकामं, तेही नको तिथं. म्हणून पुन्हा काट. 'धुतली साडी', तीही चारच. 'जुनीशी साडी', पाच आहेत, पण 'जुनीशी' त्याच्या घरात कुणी म्हणत नाही. शेवटी समासात तिरकं लिहिलेलं सापडलं, 'कामाची साडी, सहाची गाडी.' का-मा-ची-सा-डी, स-हा-ची-गा-डी. पाचाला पाच, पहिल्या अक्षराचा ऱ्हस्वदीर्घाचा फरक सोडला तर स्वरही एकाखाली एक. आणि गंमत बघा, विटक्या साडीत जी दया होती ती या खटाटोपात आपोआप गळून पडली. बाईने कामाला जायची साडी वेगळी ठेवली आहे, एवढंच उरलं. दया काढायची म्हणून त्याने शब्द बदललाच नव्हता, एक घर कमी पडत होतं म्हणून बदलला होता.

पाचच्या पाच स्वर जुळवणाऱ्या या यमकाला पोरं 'मल्टी' म्हणतात. त्याचंही व्यसन लागतं. सगळ्याच ओळींत मल्टी भरले की गाणं शब्दकोड्यासारखं होतं, ऐकणारा 'वा' म्हणतो आणि विसरतो. चार बारमध्ये एक पुरे. आणि ळ-ल, ण-न ही भांडणं कवितेच्या वहीत चालतात, माइकवर नाहीत. 'गाळी'ला 'प्याली' चालून जाते, फक्त ठोका चुकायला नको.

श्वासाचं गणित आपल्याकडे कुणी सोडवलंच नव्हतं असं मात्र नाही. पोवाडा आठवा. शाहीर डफावर थाप मारून चार ओळी एका दमात सोडतो आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी रं जी' म्हणून सूर उचलतात. लहानपणी वाटायचं, हे लोक उगाच मागे उभे आहेत, यांना स्वतःचे शब्दही नाहीत. त्यांचं काम नीट पाहिलं की कळतं. ती 'जी जी' संपेपर्यंत शाहिराचा भाता भरतो. ठेका तुटत नाही, ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही, आणि पुढची ओळ पुन्हा पूर्ण ताकदीने येते. जात्यावर दोघी बसल्या की एक ओवी सुरू करते, दुसरी उचलते, तेही तेच. कीर्तनात टाळकरी. रॅपच्या स्टेजवर मुख्य गड्याच्या मागे दुसरा माइक घेऊन जो उभा असतो आणि प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द ओरडतो, त्याला ते 'हाइप मॅन' म्हणतात. आपल्याकडे त्या पदाला फार जुना शब्द आहे, एवढंच.

मुळात हे संगीतच रिकाम्या जागेतून निघालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या एका हॉलमध्ये, कूल हर्क नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. त्याने हेरलं होतं की लोक सर्वात बेभान नाचतात ते गायक गप्प होतो आणि नुसता ड्रम उरतो तेव्हा. तो तुकडा काही सेकंदांचाच असायचा. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. गायकाची दम खायची जागा त्याने अशी लांबवत नेली, आणि त्या जागेत माइकवरून लोकांना उद्देशून टाकलेल्या दोन-चार आरोळ्या म्हणजे रॅपचा पाळणा. पुढे त्याच जागेत शब्दांची एवढी दाटी झाली की एका नाशिककर पोराला तिथं श्वास घ्यायला फट सापडेना.

इथल्या पोरांना वामनदादा कर्डक हे नाव माहीत असतं, निदान वस्तीतल्या जयंतीच्या स्पीकरवरून तरी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, १९२२ चा जन्म. शाळेत न जाता मोठेपणी अक्षरं शिकला आणि २००४ मध्ये जाईपर्यंत गाणी लिहीत, गात गावोगाव फिरला. मागे कंपनी नव्हती, लेबल नव्हतं, सोबत दोन-चार साथीदार. 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' हा शब्द इन्स्टाग्रामच्या बायोत लिहिणाऱ्याने ही आठवण ठेवली तर बरं. फरक एवढाच की वामनदादांच्या मागे कोरस होता. आजचा पोरगा खोलीत एकटा असतो आणि स्वतःची झीलही त्याला स्वतःच धरावी लागते.

ती खोली म्हणजे बहुतेकदा सिडकोतलं रो-हाउस, शेजाऱ्याशी भिंत सामाईक. इकडे त्याने हूक, म्हणजे गाण्याचं धृपद, म्हटला की पलीकडून टीव्हीचा आवाज वाढतो. कंडेन्सर माइक, त्याचा आवाज संगणकात नेणारा इंटरफेस, बंद कपांचा हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर असा संसार साधारण पंधरा-वीस हजारांत उभा राहतो, आणि तो उभा राहिल्यावर पहिलं रेकॉर्डिंग न्हाणीघरात केल्यासारखं ऐकू येतं. मग कुणीतरी सांगतं, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटव. चिकटवू नका. त्याने वरचा किणकिणाट थोडा मरतो, छातीतला घुमारा तसाच राहतो, आणि घरात झुरळं होतात. आजीच्या दोन जाड गोधड्या घ्या. पुष्कळ जण त्या माइकच्या मागे टांगतात. टांगायच्या गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूंना, कारण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज सरळ माइकमध्ये शिरतो. खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहायचं नाही, कोपऱ्यातही नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. ही युक्ती कुणाची ते माहीत नाही, पण दूध नासल्याशिवाय सुचलेली नसणार.

माइकपासून तोंड एक वीत. पॉप फिल्टर माइकच्या चार बोटं पुढे. मराठीत भ, फ, ध, घ या महाप्राणांचा सुळसुळाट आहे. 'भाऊ', 'फाटा', 'भाकर' म्हणताना तोंडातून हवेचा गोळा सुटतो आणि माइकच्या पडद्यावर धप्पकन आदळतो. फिल्टरने तो पुरता अडत नाही, म्हणून माइक किंचित तिरका करायचा, म्हणजे गोळा शेजारून निघून जातो. उरलासुरला धप्पा नंतर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापून जातो. दुसरं टोक स, श आणि आपल्या 'चमचा'मधल्या च-चं. हे साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सुईसारखे टोचतात, त्यांना दाबणारा डी-एसर लागतो, तोही बेताने. जास्त दाबला की गाणारा बोबडा होतो. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे नाचली पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही प्लगइनने शिवता येत नाही. बफर, म्हणजे संगणक आवाज साठवून पुढे सोडतो ती मात्रा, १२८ सॅम्पलवर ठेवला तर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वेळेवर येतो. काही जण ब्लूटूथ इअरफोन लावून रेकॉर्ड करतात आणि मग ठेका का सुटतोय म्हणून डोकं धरून बसतात. ब्लूटूथला बऱ्याचदा शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर असतो. नव्वदच्या बीटवर चौकटीच्या वहीतलं एक घर १६७ मिलिसेकंदांचं. म्हणजे गडी अख्खं घर मागे राहतो, आणि दोष मात्र स्वतःच्या रक्तातल्या तालाला देतो.

मुख्य आवाज झाला की झील. तीच ओळ पुन्हा दोनदा म्हणायची आणि एक डाव्या, एक उजव्या बाजूला, मुख्य आवाजापेक्षा बरीच खाली ठेवायची. याला 'डबल' म्हणतात. कॉपी-पेस्ट करून भागत नाही, नुसता आवाज मोठा होतो. दोन वेळा खरंच म्हटल्यावर जो केसाएवढा फरक पडतो त्यातच भरीवपणा असतो. सगळी ओळ डबल करायची नाही, यमकाचे शब्द आणि हूक तेवढे. डबल म्हणताना ओळीच्या शेवटचे स, त, क तोंडातच गिळायचे, नाहीतर तिन्ही आवाजांतले तीन 'त' एकामागोमाग टपटपतात. यानंतर येतात ॲडलिब, म्हणजे मोकळ्या जागेतल्या आरोळ्या. पोरं इथं एकदम अमेरिकी रॅपच्या अटलांटाची होतात, 'स्कर्र', 'ब्रर्र'. आपल्याकडे 'हर्र', 'हो जी', 'अय भो', 'आयला' असं चिक्कार पडलेलं असताना. तसंच मुंबईच्या भाषेचं. २०१९ मध्ये मुंबईच्या रॅपरांवरचा सिनेमा 'गली बॉय' आल्यावर पंचवटीतली पोरं वाड्यात राहून 'अपुन' आणि 'बंटाय' करायला लागली. पुण्याच्या रॅपर एमसी स्टॅनने २०२३ मध्ये बिग बॉस जिंकल्यावर त्याच्यासारखी नाकातली लकब आली. नक्कल करत करतच हात बसतो, त्याला हरकत नाही. पण नाशिकचा पोरगा आईशी, दोस्तांशी, रिक्षावाल्याशी ज्या मराठीत बोलतो ती वहीत उतरायला दोन-तीन वर्षं जातात, हे बघताना जीव थोडा चुटपुटतो.

शहराची खूण म्हणून मग नाशिक ढोल येतो. यायलाच हवा. पण ढोलाचा घुमारा आणि ८०८ चा बेस, म्हणजे बीटमधला खोल इलेक्ट्रॉनिक ठोका, एकाच तळघरात राहतात, ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास. दोघांना एकदम सोडलं की दोघांचाही चिखल होतो, मोबाइलच्या स्पीकरवर तर काहीच उरत नाही. एकाला वर हलवावं लागतं. ढोलाचं १२० च्या खालचं कापून त्याच्या टिपरूची चटक तेवढी ठेवायची आणि तळघर ८०८ ला द्यायचं. ताशाचा कडकडाट तर बरोबर तिथं बसतो जिथं व्यंजनं ऐकू येतात, म्हणून शब्द चालू असताना ताशा गप्प हवा आणि शब्द थांबले की सुटायला हवा. शिवाय मिरवणुकीतल्या पुष्कळ ठेक्यांना तीनाचा झोका असतो आणि बीटची जाळी चाराची. झोका सरळ करून जाळीत ठोकला की ढोलाचा जीव जातो. ज्यांना हे कळतं ते बीटचाच स्विंग, म्हणजे झोका, वाढवून तिला ढोलाकडे थोडी कलती करतात.

गाणं झालं की पुढचा भाग कंटाळवाणा, आणि पोरं तिथंच मार खातात. बीट बहुधा इंटरनेटवरून लीजवर घेतलेली असते. लीज म्हणजे भाडं, तीच बीट अजून पन्नास जणांनी घेतलेली असू शकते. त्यातल्या एकाने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे कुणी कुणाचं गाणं वापरलं ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला, जोडलं की बाकीच्यांच्या व्हिडिओवर दावे येऊन पडतात. म्हणून भाड्याच्या बीटवर स्वतः कंटेंट आयडी लावायचा नाही आणि लायसन्सची पीडीएफ जपून ठेवायची, भाडेकरारासारखी. नुसतं 'फ्री' लिहिलेली बीट कमाईसाठी मोकळी असतेच असं नाही. डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, ते तीन-चार आठवडे आधी चढवायचं. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे ठेवायचं तर निदान सात दिवस आधी, प्रसिद्ध झाल्यावर नाही. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. नावाचं स्पेलिंग आधी शोधून बघायचं, नाहीतर आपलं गाणं कुठल्याशा परक्या नामबंधूच्या पानावर जाऊन बसतं आणि तिथून काढताना नाकी नऊ येतात. आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा पैसाच मोजला जात नाही. हजार हा आकडा ऐकायला चिल्लर वाटतो. मावशी, काका, सगळी कॉलनी, सगळी कंपनी मोजून झाली तरी तो दोन-तीनशेवर अडतो. गीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद होता येतं हे तर निम्म्यांना ठाऊकच नसतं. रॅपर स्वतःला गीतकार समजत नाही, हीच मुळात मजेची गोष्ट.

स्टेजवर वेगळीच तऱ्हा. गणपतीच्या मंडळात किंवा गॅदरिंगला माइक मिळाला की पोरं त्याची जाळी मुठीत घेतात, व्हिडिओत मोठ्या लोकांनी घेतलेली असते म्हणून. जाळी झाकली की माइकला पुढचं-मागचं कळेनासं होतं आणि समोरच्या मॉनिटर स्पीकरची शिट्टी सुरू होते. साउंडवाला शिव्या घालत आवाज कमी करतो, मग रॅपर अजून ओरडतो, मग श्वास अजून संपतो. तो वाचवायला काही जण स्वतःच्या आवाजासकट पूर्ण गाणंच मागे लावतात आणि वरून ओठ हलवतात. पहिल्या रांगेला ते कळतं. मधला मार्ग आहे, मुख्य आवाज काढलेला ट्रॅक, ज्यात डबल आणि हूक तेवढे ठेवलेले असतात. म्हणजे झीलकरी पेनड्राइव्हमध्ये.

तो पोरगा पावसाळ्यानंतर पुन्हा घाटावर दिसला. पूर येऊन गेला होता, पायऱ्यांच्या सांध्यांत अजून गाळ होता, दुतोंड्या मारुतीच्या आसपास महापालिकेची माणसं फवारा मारत होती. मधल्या महिन्यांत त्याने काय केलं ते दोस्ताकडून कळलं. रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना सोळा बार म्हणायचे, आधी सत्तरच्या चालीवर, जमलं की पाच-पाचने वाढवत नव्वदवर. खांदे वर न उचलता पोटातून श्वास घ्यायचा. जिथं दम तुटेल तिथं वहीत खूण करायची आणि घरी येऊन त्या जागचे दोन शब्द मारायचे. कुठले मारायचे यावर तो आठवडाभर अडायचा म्हणे. सोळा ओळींतून तीसेक अक्षरं गेली.

कोंडाळं तेच, जार तोच. यावेळी तो चौथ्या ओळीच्या शेवटी थांबला, आठवीच्या शेवटी थांबला, कुणाच्या लक्षात आलं नाही. 'कामाची साडी, सहाची गाडी' नववीत आली. अकरावीच्या आधी त्याने मुद्दाम एक अख्खा ठोका सोडला होता, चार रिकाम्या चौकटी. जारवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं गडी पुन्हा अडकला, आणि तो कळवळून ओरडला, "अय भो!" बरोबर दुसऱ्या चौकटीवर. पोराला हसू फुटलं, हसता हसताच त्याने हवा ओढली आणि अकरावी ओळ टाकली.

नंतर रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याने दोस्ताला घरी बोलावून गोधड्यांमध्ये उभं केलं. फक्त 'अय भो' म्हणायचं. चौदा वेळा म्हणवून घेतलं. ठरवून म्हणताना ती कळवळ येईना, कधी नाटकातलं वाटे, कधी भाजीवाल्याचं. नवव्या टेकच्या वेळी पोराची आई फर्स्ट शिफ्ट करून परत आली, दार वाजलं, दोस्त दचकला आणि त्या दचक्यातच "अय भो" म्हणून गेला. गाण्यात तोच ठेवला आहे. हेडफोन लावून ऐकलं तर मागे कडी वाजल्याचा बारीक आवाज येतो.

तो कापलेला नाही.